फासे डब्यात

पूल जिंकला तेव्हा पावणेनऊ झाले होते.
सात गॉब्लिन पडले, आठवा नदीत गेला.
माझ्या भालाइताच्या अंगात चार गुण शिल्लक,
खोडून खोडून वहीचा कागद भोकाला आलेला.
मी म्हटलं, चला, आता किल्ल्याचं दार.
मुठीत फासे खुळखुळत होते.

तुइरे म्हणाली, "रात्र झाली."
एवढंच.
मग पुठ्ठ्याच्या आडोशामागून तिचा हात आला,
एकेकाचे फासे उचलून
बिस्किटांच्या डब्यात ठेवले, झाकण दाबलं.
"शेकोटी कोण पेटवतंय?"

बाहेर ओउलू, उणे एकवीस.
वाचनालयाच्या तळघरात पाण्याच्या नळ्या कण्हत होत्या,
खुर्च्यांच्या पाठींवर ओले हातमोजे.
मला वाटलं, झालं, आता पेंगायचं.

ओस्मो दिवसभर रस्त्यावरचा बर्फ ढकलतो,
आठवड्याचे त्याचे शब्द दोन्ही हातांच्या बोटांवर मावतील.
त्याचा कुऱ्हाडवाला म्हणाला,
"मी पेटवतो. लाकूड ओलं आहे. वेळ लागेल."
आणि त्यानं खरंच वेळ घेतला.
भूर्जाची साल कुठून सोलायची,
काटक्या कशा उभ्या करायच्या की त्यांना श्वास मिळेल,
फुंकर खालून, लांब, न घाबरवता.
कुणी हसलं नाही.
तावी, सोळा वर्षांचा आमचा जादूगार,
एका मंत्रात पेटवू शकला असता.
तो गप्प राहिला.
मग म्हणाला, "पहिला पहारा माझा,"
आणि खुर्ची सोडून दाराशी जाऊन उभा राहिला,
खराखुरा, पायमोज्यांवर.

हिल्प्पाची चोरटी माझ्याकडे वळली.
"पुलावर तू माझ्यापुढे आलास. का?"

का म्हणजे?
ढालीचे दोन गुण जास्त होते म्हणून.
हिशेब सोपा होता.
पण त्या आगीजवळ हे उत्तर
तोंडातून बाहेर यायला लाजलं.
"माहीत नाही," मी म्हणालो.

"बरं. खिशात काय आहे तुझ्या?"
मी वही चाळली.
दोर, पन्नास हात. मशाली सहा. खिळे दहा.
खिशाचा रकानाच नव्हता.
तीन वर्षं या माणसाला मी लढवतोय,
किती वेळा मरता मरता वाचवलाय,
आणि त्याला थंडी वाजते का, हेही मला ठाऊक नाही.

"किल्ली," मी म्हणालो.
कुठून आली कोण जाणे.
"कशाची?"
"घराची. घर आता नाही."

(राहेतलं आईचं घर ऑगस्टमध्ये विकलं.
नव्या लोकांनी कुलूप बदललं.
हे टेबलावर कुणाला माहीत नव्हतं.
अजून नाही.)

हिल्प्पानं हात पुढे केला.
मी रिकामी मूठ तिच्या तळव्यावर उघडली,
आणि तिचा तळवा, शपथेवर सांगतो,
वजनानं किंचित खाली गेला.
जगातलं कुठलंही कुलूप जिला अडवत नाही
त्या बाईनं ती किल्ली उजेडाकडे धरून पाहिली.
"गंज चढतोय," म्हणाली.
"थांब, माझ्याकडे तेल आहे."

तुइरे काहीच बोलली नाही.
तिच्या आडोशामागे किल्ला होता, सापळे होते,
कागदावर आखलेले तेवीस पहारेकरी होते,
आणि ती थर्मासचं झाकण फिरवत बसली होती, हळू,
आवाज होऊ नये म्हणून.

सव्वादहाला दिवे मालवायला माणूस आला.
तावी अजून दारात.
त्याला अडवून विचारतो कसा, "कोण तिथे?"

पुढच्या गुरुवारी किल्ल्याचं दार उघडलं.
कोण वाचलं, कोण नाही,
ते फाशांना विचारा, मला नको.
मी इतकंच पाहिलं:
माझ्यासाठी फासा टाकण्याआधी
ओस्मोनं मूठ तोंडाशी नेली
आणि फुंकर घातली,
खालून, लांब,
ओल्या लाकडाला घालतात तशी.